गावात नव्यानं राहायला आलात? अंगणवाडी अशी पारखा

कुणाची बदली होते, कुणाला कारखान्यावर नोकरी लागते, कुणी शहरातलं भाडं परवडेना म्हणून सासरच्या गावी परततं, कुणी द्राक्षबागेच्या कामाला दुसऱ्या जिल्ह्यातून येतं. सोबत तीन-चार वर्षांचं मूल असेल, तर सामान लागायच्या आतच शेजारीण विचारते, "पोराला कुठं घालणार?" बहुतेक वेळा उत्तरही तीच देऊन टाकते: "इथली अंगणवाडी म्हणजे नुसती खिचडी. तालुक्याची व्हॅन येते, नर्सरीत टाका."

व्हॅनवाल्याला फोन करण्याआधी थोडं थांबा. मी नगर-नाशिकच्या सीमेवरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. माझ्या वर्गात एकाच गावच्या तीन-चार अंगणवाड्यांची पोरं येतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कोण कुठल्या अंगणवाडीतून आलंय, ते न विचारता कळतं. एका अंगणवाडीची पोरं 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत घडाघडा म्हणतात, पण "काल घरी काय केलं?" म्हटलं की खाली मान घालतात. दुसरीकडच्यांना अक्षर येत नसतं, पण ती गोष्टीच्या मधेच "मग त्या कोल्ह्याची आई कुठं होती?" असं विचारतात. दिवाळीनंतर वाचायला कोण लागतं, ते सांगायला नको.

सरकार एकच, खाऊचा दर एकच, खेळण्यांचा संच एकच, तरी दोन अंगणवाड्यांत एवढा फरक पडतो. म्हणून बघून, तुलना करून मूल घालायला हवं.

आधी गावात अंगणवाड्या किती, ते काढा

गावाला एक अंगणवाडी, असा हिशेब नसतो. साध्या भागात ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी धरलेली आहे, आदिवासी भागात ३०० ते ८०० मागे. त्याहून लहान वस्तीला मिनी अंगणवाडी. म्हणजे अडीच-तीन हजारांच्या गावात गावठाणात दोन, दलित वस्तीजवळ एक आणि मळ्यातल्या वस्तीवर एक असं चित्र सहज दिसतं. लोक त्यांना नंबरानं ओळखतात: एक नंबरची, दोन नंबरची. हा नंबर दर्जाचा नाही, नुसता अनुक्रमांक आहे. नव्या माणसाचा इथं हमखास घोळ होतो.

गुगलच्या नकाशावर शोधत बसू नका, आरोग्य खात्यासाठी गावात काम करणाऱ्या आशाताईंना विचारा. त्या घरोघर फिरतात, त्यामुळे तुमचं घर कुठल्या अंगणवाडीच्या सर्व्हेत येतं ते त्या उभ्या-उभ्या सांगतात. प्रत्येक अंगणवाडीला घरं वाटून दिलेली असतात. तुमच्या मुलाची नोंद, वजन, खाऊ हे सगळं आपोआप त्या घरांच्या यादीनुसार चालतं. दुसऱ्या अंगणवाडीत घालायचं असेल तर त्याला वाट असते, पण सांगून-सवरून. ते पुढे येईलच.

मिनी अंगणवाडी असेल तर एक प्रश्न जास्तीचा विचारा: मदतनीस आहे का? मिनीत सेविका एकटी असते. दार उघडायचं, झाडायचं, मुलं गोळा करायची, खाऊ वाढायचा आणि शिकवायचंही तिनंच. गेल्या काही वर्षांत राज्यात पुष्कळ मिनी अंगणवाड्यांना पूर्ण अंगणवाडीचा दर्जा मिळाला आहे, पण कागदावर दर्जा मिळणं आणि मदतनीस येऊन कामाला लागणं यात काही वेळा मोठी फट राहते.

मुलाला घेऊन पायी चाला

गाडीवर जाऊन अंतर बघू नका. मुलाचं बोट धरून, त्याच्या चालीनं, अंगणवाडीच्या वेळेला जा. वाटेत डांबरी रस्ता ओलांडावा लागतो का? उसाचा हंगाम असेल तर ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून जातात का? पावसाळ्यात ओढ्याला पाणी येतं का? कुणाच्या दारातलं कुत्रं अंगावर येतं का?

मळ्यात राहणाऱ्यांसाठी हा मुद्दा बाकी सगळ्यांच्या वरचढ आहे. गावठाणातली अंगणवाडी कितीही सरस असली, तरी मूल आठवड्यातून दोनच दिवस पोचणार असेल, तर वस्तीवरची साधी अंगणवाडी बरी. या वयात रोज जाण्याला जे मोल आहे ते दुसऱ्या कशाला नाही. आई-बाप दोघंही कांदालागणीला सकाळी सातला बाहेर पडत असतील, तर ने-आण कोण करणार, हे आधी ठरवा. पुष्कळ ठिकाणी मदतनीस मावशी वाटेवरच्या घरांतून मुलं गोळा करत येतात. तुमचं घर त्यांच्या वाटेवर पडतं का, ते विचारून ठेवा.

इमारतीवर भुलू नका, इमारतीला नाकं मुरडू नका

अंगणवाडी कुठंही भरते. कुठं स्वतःची इमारत असते, कुठं शाळेच्या आवारातली खोली, कुठं समाजमंदिर, कुठं भाड्याची खोली. भिंतीवर रंगवलेली रेल्वे, मोर आणि इंग्रजी अक्षरं पाहून पालक खूश होतात. रंगाला माझा विरोध नाही. पण ती चित्रं मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहेत का, की फोटोसाठी वर छताजवळ काढली आहेत, तेवढं बघा. जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंतच्या भिंतीला काळा रंग देऊन ती मुलांना खडूनं गिरवायला सोडली असेल, तर तिथं कुणीतरी विचार केलाय असं समजा.

इमारतीत खरं बघायचं ते एवढंच: दार आणि रस्ता यांच्यामध्ये कुंपण, पिण्याचं झाकलेलं पाणी, लहान मुलाला बसता येईल असं आणि कुलूप नसलेलं शौचालय, पावसात न गळणारं छप्पर आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली होणारी काहिली. शौचालयाला कुलूप पुष्कळ ठिकाणी असतं, "पोरं घाण करतात" म्हणून. किल्ली कुणाकडे असते ते विचारा. उत्तर देताना लोक हसतात, पण किल्ली शोधून आणायला किती वेळ लागला त्यावरून कळायचं ते कळतं.

शाळेच्या आवारातल्या अंगणवाडीचा एक फायदा पालकांच्या लक्षात येत नाही. मुलाला पहिलीत जाताना जागा नवी वाटत नाही. मोठी भावंडं मधल्या सुट्टीत डोकावतात, शाळेची घंटा, नळ, मैदान ओळखीचं होतं. तोटाही आहे: मोठ्या मुलांच्या दंग्यात लहानग्यांना मैदान मिळत नाही. त्यांची मैदानावर खेळायची वेळ वेगळी ठेवली आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारलं तरी चालतं.

खाऊच्या आधीचा तास बघा

अंगणवाडीची वेळ तालुक्याच्या बालविकास प्रकल्पानुसार आणि ऋतूनुसार बदलते. ती दारावरच्या फलकावर लिहिलेली असते. तुम्हाला बघायचा आहे तो मुलं जमल्यापासून गरम आहार वाढेपर्यंतचा वेळ. सेविकाताईंना आदल्या दिवशी सांगा, "ताई, उद्या मी बाळाला घेऊन जरा बसते." चांगली सेविका नाही म्हणत नाही. एकदाच जाऊ नका, आठवड्यातल्या दोन वेगळ्या वारी जा. एखादा दिवस लसीकरणाचा किंवा बैठकीचा निघतो, आणि त्या एका दिवसावरून मत बनवणं अन्यायाचं होतं.

आता काय बघायचं? पहिली गोष्ट, खेळणी कुठं आहेत. प्रत्येक अंगणवाडीला पूर्वशालेय शिक्षणाचा संच मिळतो: ठोकळे, मणी, चित्रकार्डं, कोडी, बाहुल्या. काही ठिकाणी हा संच कपाटात कुलूपबंद असतो, प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नसतं. ताई आळशी आहेत असा त्याचा अर्थ लगेच काढू नका. एखादा ठोकळा हरवला तर तपासणीत विचारतील ही धास्ती खरी असते. तरीही, ज्या अंगणवाडीत ठोकळ्यांचे कोपरे झिजलेले आणि चित्रकार्डांना चिकटपट्ट्या लावलेल्या दिसतील, तिच्या बाजूनं मनात एक गुण टाका.

आणि संच नसला म्हणून काही अडत नाही. आमच्याच शेजारच्या वस्तीवरच्या ताई कांदाचाळीतून चार पाट्या कांदे आणून फरशीवर ओततात आणि पोरांना निवडायला बसवतात. गोल्टी एकीकडे, मोठा कांदा दुसरीकडे. साडेतीन वर्षांचा एक पठ्ठ्या जोडकांदा हातात घेऊन बराच वेळ बसला होता. तो ना या ढिगात जात होता, ना त्या. ताईंनी उत्तर दिलं नाही. "मग ह्याचं काय करायचं रे?" एवढंच विचारलं. त्यानं तिसरा ढीग सुरू केला. लहान-मोठं, सारखं-वेगळं, एक-दोन-पुष्कळ हे सगळं गणित तिथं झालं, आणि घरी जाऊन त्यानं चाळीतल्या मोठ्या माणसांनाही तेच विचारून हैराण केलं म्हणे. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत आणि पुढं कोसबाडच्या टेकडीवर गावातल्या, पाड्यांवरच्या मुलांसाठी जे शिक्षण उभं केलं, त्यात पानं, बिया, खडे अशीच आसपासची साधनं होती. केंद्राची अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला आली, त्याच्या तीस वर्षं आधीची ही गोष्ट.

दुसरी गोष्ट, बोलतं कोण. एक सोपी खूण सांगते. मनातल्या मनात मोजा: ताईंच्या किती वाक्यांना प्रश्नचिन्ह आहे आणि त्या प्रश्नांपैकी किती असे आहेत की ज्यांचं उत्तर सगळ्यांनी एका सुरात द्यायचं नाही. "हा कोणता रंग?" "लाऽऽल!" याला मी प्रश्न धरत नाही. "पाऊस आला तेव्हा तुझी शेळी कुठं होती?" हा प्रश्न. महाराष्ट्राच्या अंगणवाड्यांमध्ये 'आकार' हा अभ्यासक्रम आला, आता 'आधारशिला'ही आली आहे. दोन्हींचा भर पाठांतरावर नसून खेळ, गोष्ट, गाणी आणि गप्पा यांवर आहे. म्हणजे ताई पाटीवर अक्षरं घोटून घेत नाहीत म्हणून त्या शिकवत नाहीत, असं नाही. पालकांचाच आग्रह असतो, "वहीत काहीतरी द्या." त्या आग्रहापायी चांगल्या सेविकाही तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल कोंबतात. तुम्ही तरी तो आग्रह धरू नका.

तिसरी गोष्ट भाषेची. घरी तुम्ही ठाकरी, भिल्ली, कोरकू, पावरी, वडारी, हिंदी, जे काही बोलत असाल, त्या भाषेत मूल बोललं की ताई काय करतात? "नीट बोल" म्हणतात, की तो शब्द स्वतः वापरून बघतात? बाहेरून आलेल्या कुटुंबासाठी बाकीच्या सगळ्या कसोट्या एकीकडे आणि ही एकीकडे. मूल तिथं रुळणार की महिनाभर दाराशी रडणार, ते बहुतांशी यावर ठरतं.

चौथी गोष्ट थोडी अवघड आहे, पण गावात राहायचं तर डोळे उघडे ठेवून बघा. मुलं कशी बसली आहेत? कुणाला खाऊ शेवटी मिळतो? पाणी कोण कुणाला देतं? जात गावातून गेलेली नाही. जी सेविका रोज मुलांच्या जागा मुद्दाम बदलते आणि वाढायचं काम आळीपाळीनं देते, तिच्याकडे मूल निर्धास्तपणे सोडावं. एका वस्तीची मुलं कोपऱ्यात वेगळी बसत असतील, तर बाकी कितीही छान असो, मी माझं मूल तिथं घातलं नसतं.

खिचडीची चव घ्या

"नुसती खिचडी" म्हणणाऱ्यांनी ती सहसा खाल्लेली नसते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोजच्या पूरक आहारातून ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं बंधन २०२३ पर्यंत होतं. अति-कुपोषित मुलासाठी ८०० कॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम. त्या वर्षी हे आकडे नव्यानं ठरवले. वर्षातले ३०० दिवस. हे कुणाच्या मेहेरबानीवर चालत नाही, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं दिलेला हक्क आहे. आता पैशांचं बघा: २०१७ साली केंद्रानं ठरवलेला दर एका मुलामागे दिवसाला ८ रुपये होता. त्यात काय शिजतं आणि काय शिजू शकत नाही, हे स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही कळेल.

आहार बहुतेक गावांत बचत गटाच्या बायका शिजवतात. फळ्यावर आठवड्याचा पाककृतीचा तक्ता असतो: खिचडी, उसळ, लापशी वगैरे. तक्ता वाचा आणि ताटात काय आहे ते बघा. एक वाटी मागून खा. डाळ हाताला लागते का, तेलाचा वास कसा येतो, मुलं संपवतात की उरवतात? बिलं थकली की गटाच्या बायका डाळ आधी कमी करतात. त्यांचाही नाइलाज असतो. अशा वेळी गटाच्या अध्यक्षबाईंशी भांडण्यापेक्षा बिल कुठं अडकलंय ते पंचायत समितीत विचारणं कामाचं.

आदिवासी क्षेत्रात राहायला आला असाल तर डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेची चौकशी करा. तिच्यातून लहान मुलांना अंडी किंवा केळी, आणि गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार मिळतो. धाकटं मूल सहा महिने ते तीन वर्षांचं असेल तर त्याला घरी न्यायचा आहार याच अंगणवाडीतून मिळतो. म्हणजे एका घरातली दोन मुलं आणि आई, तिघांचा संबंध एकाच ताईंशी येतो. हे लक्षात घेऊन निवडा.

काटा आणि वजनाचा कागद

दर महिन्याला वजन व्हायला हवं. मागच्या महिन्याचं एका मुलाचं वजन काय होतं, असं सहज विचारा. ताईंनी मोबाइलमधून किंवा रजिस्टरमधून लगेच काढून दाखवलं तर काम नियमित आहे. काटा शून्यावर उभा आहे का, तेही बघा. सदऱ्या-चपलांसकट वजन करतात तिथले आकडे नेहमीच गोड असतात.

दंडाचा घेर मोजायची तिरंगी पट्टी तुम्हीही समजून घ्या. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचा घेर साडेबारा सेंटिमीटरच्या वर असेल तर हिरवा. साडेअकरा ते साडेबारा पिवळा, म्हणजे मध्यम कुपोषण. साडेअकराच्या खाली लाल, म्हणजे त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं. ज्या अंगणवाडीच्या यादीत एकही पिवळं मूल कधीच नसतं, तिच्याबद्दल मला उलट शंका येते. वाईट आकडा लिहायची हिंमत असलेली ताई तुमच्या मुलाची खरी काळजी घेईल.

आरोग्य खात्याचं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं. शेवटचं पथक कधी आलं होतं, आणि ज्यांना पुढं पाठवलं त्यांचं काय झालं, एवढं विचारा. ऐकू कमी येणं, तिरळेपणा, हृदयाचा दोष अशा गोष्टी इथं लवकर सापडतात. मूल दिव्यांग असेल तर तसं आधीच मोकळेपणानं सांगा. २०२३ पासून अशा मुलांना अंगणवाडीत कसं सामावून घ्यावं याची केंद्राची कार्यपद्धती आहे, आणि मूल नाकारायचा प्रश्नच येत नाही.

ताईंशी बोलताना

सेविकेची उलटतपासणी घेऊ नका. तिच्या डोक्यावर काय-काय आहे ते ऐका: सर्व्हे, पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल ॲपवर रोजची हजेरी आणि फोटो, गृहभेटी, गरोदर बायकांच्या नोंदी, लसीकरणाचा दिवस, पुष्कळ ठिकाणी मतदार यादीचं काम. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्जही त्यांनीच भरून घेतले. याला पगार नाही, मानधन म्हणतात. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ मध्ये राज्यभर सेविका संपावर होत्या, तो उगाच नाही.

म्हणून "तुम्ही काय शिकवता?" असं विचारण्याऐवजी हे विचारून बघा:

- महिन्यातले किती दिवस बैठकीला किंवा इतर कामाला जावं लागतं, आणि त्या दिवशी मुलांना कोण घेतं?
- मदतनीस मावशींना गाणी-गोष्टी येतात का?
- तीन वर्षांची आणि पाच वर्षांची मुलं एकत्र असतात, तेव्हा कसं करता?
- पालकांनी येऊन काही केलेलं चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ताई बैठकीला गेल्यावर अंगणवाडी मावशींच्या जोरावर चालते. आमच्याकडच्या एका मावशींना सही करण्यापुरतंच लिहिता येतं, पण जात्यावरच्या ओव्या आणि चिमणी-कावळ्याच्या गोष्टी त्या अशा रंगवतात की पोरं दारातून हलत नाहीत.

व्हॅनचं काय?

थोडक्यात सांगते. तालुक्याच्या नर्सरीत चांगल्याही आहेत. पण चार वर्षांच्या मुलानं सकाळी लवकर उठून कोंबलेल्या व्हॅनमधून जायचं आणि दुपारी पेंगत यायचं, त्या बदल्यात मिळतात एबीसीडी, टाय आणि बूट. हा सौदा मला पटत नाही. काही घरं दोन्हीकडे नावं ठेवतात: आहारासाठी अंगणवाडी, अभ्यासासाठी नर्सरी. त्यात अंगणवाडीचा पट फुगतो आणि खरी हजेरी कमी राहते. तुम्ही अंगणवाडीत जाल तेव्हा पटावर किती आणि समोर बसलेली किती, हे मोजा. पटावर पंचवीस आणि फरशीवर नऊ, हे दृश्य तालुक्याजवळच्या गावांत सर्रास दिसतं. काही जिल्हा परिषद शाळा लोकवर्गणीतून बालवर्गही चालवतात. तसा असेल तर शिकवणारी कोण, तिचं मानधन कुठून येतं आणि ते पुढच्या वर्षीही येणार का, हे आधी विचारा.

नाव घालताना

अंगणवाडी शाळेसारखी जूनमध्ये उघडत नाही, त्यामुळे नाव वर्षभरात कधीही घालता येतं. मुलाचा जन्मदाखला, माता-बाल संरक्षण कार्ड, आईचं आधार कार्ड आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर घेऊन जा. घरी न्यायच्या आहारासाठी आता चेहऱ्याची पडताळणी होते. तिची नोंदणी करताना त्या मोबाइलवर ओटीपी येतो, तेव्हा तो फोन नवऱ्याच्या खिशात शेतावर जायला नको. फी नसते. कुणी मागितली तर पावती मागा.

आधीच्या गावी नाव असेल तर तिथल्या ताईंना फोन करून पोषण ट्रॅकरमधून नाव इकडं पाठवायला सांगा. जुन्या ठिकाणी नाव तसंच राहिलं की नव्या ठिकाणी ते घेताना अडचण येते. ऊसतोड, वीटभट्टी, मेंढपाळ अशा फिरत्या कुटुंबांनी तर निघायच्या आधीच हे करून घ्यावं. रेशनकार्ड दुसऱ्या गावचं आहे म्हणून कुणी खाऊ नाकारू शकत नाही.

घराजवळची सोडून दुसरी अंगणवाडी पसंत पडली, तर दोन्ही ताईंशी बोला आणि पर्यवेक्षिकेच्या कानावर घाला. पर्यवेक्षिकेला मुख्यसेविकाही म्हणतात. तिच्याकडे वीस-पंचवीस अंगणवाड्यांचा बीट असतो. जवळच्या ताईंना न सांगता मूल परस्पर नेलं तर त्या दुखावतात, आणि छोट्या गावात ते वर्षानुवर्षं निघतं. "तिकडं आत्याचं घर आहे, ने-आण सोपी पडते" एवढं कारण पुरतं.

बघितली, आणि एकही पसंत पडली नाही तर

तक्रारीची पायरी ताई, पर्यवेक्षिका, मग तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकारी, अशी चढत जाते. पण पाण्याची टाकी, कुंपण, पंखा, खेळणी असल्या गोष्टींसाठी तिकडं जाऊच नका, ग्रामपंचायतीत जा. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. हा पैसा बहुतेक गावांत शिलाई मशीन नाहीतर हळदीकुंकवाच्या भेटवस्तूंवर जातो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभांच्या ठरलेल्या तारखा. त्या दिवशी उभं राहून "१० टक्क्यांत यंदा अंगणवाडीला काय दिलं?" असा एकच प्रश्न विचारा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. नवी सून किंवा बाहेरून आलेली बाई बोलली की लोक आधी बघत राहतात. दोन-तीन आयांना सोबत नेलं की सोपं जातं.

आणि तुमच्या वस्तीवर अंगणवाडीच नसेल, तर १३ डिसेंबर २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश ध्यानात ठेवा. सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असलेल्या वस्तीनं मागणी केल्यावर तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यायची, असं त्यात म्हटलं आहे. मुलांची नावं, वयं आणि पालकांच्या सह्या अशी यादी करून अर्ज प्रकल्प कार्यालयात द्या आणि पोच घ्या. चाळीस भरत नसली तरी यादी करा, मिनीसाठी ती उपयोगी पडते.

शेवटचं पहिलीबद्दल. आपल्या राज्यात ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होत असतील तर त्या वर्षी पहिलीत प्रवेश मिळतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांचे आई-बाप हमखास घाई करतात, "वर्ष वाया जायला नको." अशी पुष्कळ मुलं माझ्या वर्गात ऑगस्टपर्यंत दुपारी बाकावर झोपतात. अंगणवाडी चांगली सापडली असेल तर आणखी एक वर्ष तिथं राहू द्या, आणि मार्चमध्ये एकदा शाळेत येऊन पहिलीच्या बाईंना भेटा. मूल सोबत आणा. त्याला माझ्याशी बोलू द्या, तुम्ही मधे उत्तरं देऊ नका.